बिल वॉल्शच्या ऑफेन्समध्ये नेमकं नवीन काय होतं? छोटे पास तर सगळेच टाकतात ना?

थर्ड_अँड_लाँग

नमस्कार मंडळी. मी एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघायला लागून दोनच सीझन झालेत, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक वाटला तर सांभाळून घ्या.

झालं असं की हल्ली कुठलीही मॅच लावली की कॉमेंटेटर दर थोड्या वेळाने म्हणतात हा कोच बिल वॉल्शच्या (फोर्टीनाइनर्सचा जुना हेड कोच) परंपरेतला, तो वॉल्शच्या शिष्याचा शिष्य, ही वेस्ट कोस्टची (त्याच्या पद्धतीला हेच म्हणतात) कन्सेप्ट वगैरे. म्हणून म्हटलं मुळापासून बघू आणि सुपर बोल २३ ची (लीगची फायनल) पूर्ण रेकॉर्डिंग शोधून बघितली, जानेवारी १९८९ ची, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स विरुद्ध सिनसिनाटी बेंगल्स. शेवटची ड्राइव्ह (बॉल हाती असताना सलग केलेली चढाई) तर तीनदा बघितली. ३ मिनिटं १० सेकंद उरलेत, फोर्टीनाइनर्स १६-१३ ने मागे आहेत, बॉल स्वतःच्या ८ यार्डांच्या रेषेवर, म्हणजे पुढे ९२ यार्डांचं मैदान, आणि त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) जो मोंटाना काय करतो तर पहिला पास ८ यार्ड, दुसरा ७ यार्ड, तिसरा पण ७ यार्ड! मला वाटलं होतं आता लांब बॉम्ब पडणार. शेवटी रिसीव्हर (पास पकडणारा) जॉन टेलरला टचडाउन मिळतो ३४ सेकंद राखून आणि २०-१६ ने जिंकतात, थरार होताच, पण खरं सांगायचं तर त्या प्लेमध्ये जगावेगळं असं मला काही दिसलं नाही.

तर प्रश्न हा की छोटे छोटे पास टाकणं यात एवढी क्रांती कसली? आणि दुसरं, मोंटाना आणि रिसीव्हर जेरी राइस हाताशी असले तर कुठलाही कोच ग्रेटच दिसणार ना? कोणी नीट समजावून सांगेल का, बेसिकपासून सांगितलं तरी चालेल.

जुनी_टेप

प्रश्न अजिबात प्राथमिक नाही, उलट बरोब्बर जागी बोट ठेवलंय तुम्ही. कारण "छोटे पास" हे वॉल्शच्या पद्धतीचं सगळ्यात वरवरचं वर्णन आहे आणि दुर्दैवाने तेच सगळीकडे चिकटलंय. मी थोडं लांबून सुरू करतो, कारण ही गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत सुरू होतच नाही, ती सुरू होते सिनसिनाटीत, म्हणजे तुम्ही ज्या टीमला हरताना बघितलंत त्याच टीममध्ये.

बेंगल्स १९६८ साली सुरू झाले, पॉल ब्राउन मालक कम हेड कोच, आणि वॉल्श त्यांच्याकडे असिस्टंट. १९६९ ला त्यांना ग्रेग कुक नावाचा क्वार्टरबॅक मिळाला. उंचापुरा, तोफेसारखा हात, पहिल्याच वर्षी दर पासमागे सरासरी ९.४ यार्ड, जो आकडा आजही अवाक करतो. वॉल्शने त्याच्यासाठी लांब पासचाच खेळ आखला होता, हे लक्षात ठेवा, म्हणजे हा माणूस जन्मतःच छोट्या पासचा भक्त वगैरे नव्हता! पण तिसऱ्याच मॅचमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध कुकचा खांदा दुखावला, तशाच खांद्याने तो नंतर खेळला, आणि पुढे त्याचं करिअरच त्यात संपलं.

मग १९७० ला आला व्हर्जिल कार्टर. हुशार, चपळ, गणिती डोक्याचा (त्याने नंतर फुटबॉलमधल्या अपेक्षित गुणांवर एक संशोधनपर लेखसुद्धा लिहिला, १९७१ ला), पण हात साधारण. लांब फेकणं त्याचं काम नव्हे. वर टीम नवखी, लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) कमजोर, धावत जाऊन यार्ड काढायची ताकद नाही. आता करायचं काय? वॉल्शने विचार उलटा केला. मैदान लांबीला १०० यार्ड आहे हे सगळे बघत होते, पण रुंदीला ते ५३ यार्डांच्या वर आहे आणि त्या रुंदीत डिफेन्सला पसरवता येतं. पहिल्या डाउनसाठी, म्हणजे बॉल आपल्याकडे ठेवायला, चार प्रयत्नांत १० यार्ड लागतात, तेवढे धावून मिळत नसतील तर ५-६ यार्डांचा सोपा, जवळजवळ खात्रीचा पास म्हणजेच आपली "रन" असं समजायचं. त्या काळात लीगभर निम्म्याच्या आसपास पास पूर्ण व्हायचे, म्हणून कोच लोक पासला जुगार मानायचे. वॉल्शने त्यातला जुगार काढून टाकायचा प्रयत्न केला. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर षटकाराची वाट न बघता एकेरी-दुहेरीवर स्कोअर हलता ठेवायचा आणि फिल्डिंग जवळ आली की वरून मारायचं.

१९७० ला बेंगल्स पहिल्या ७ मॅचमध्ये १-६ (एक जिंकली, सहा हरल्या) होते, मग सलग ७ जिंकले आणि डिव्हिजन घेतलं, टीमचं वय फक्त तीन वर्षं. १९७१ ला कार्टर पास पूर्ण करण्याच्या टक्केवारीत लीगमध्ये पहिला, ६२.२. तोफेसारखा हात नसलेला माणूस!

आता खरी नवी गोष्ट. ती हातात नाही, पायात आहे. वॉल्शच्या पद्धतीत क्वार्टरबॅक बॉल घेऊन मागे किती पावलं जाणार हे प्ले ठरतानाच ठरलेलं असतं, तीन किंवा पाच, क्वचित सात. आणि रिसीव्हरची पळण्याची वाट, म्हणजे रूट, त्या पावलांना बांधलेली असते. तीन पावलांचा स्लँट (तिरका आत पळायचा रूट) असेल तर तिसरं पाऊल टेकलं की बॉल सुटलाच पाहिजे, रिसीव्हर मोकळा दिसायची वाट बघायची नाही. कित्येकदा बॉल हवेत असतो तेव्हा रिसीव्हरने अजून मान पण वळवलेली नसते. तो वळतो आणि बॉल तिथे हजर. आणि पहिला माणूस झाकलेला असेल तर पाय एक छोटी उडी घेऊन जुळवायचे आणि दुसऱ्याकडे बघायचं, तो पण झाकलेला तर पुन्हा पाय जुळवून तिसरा, जो बहुतेक वेळा जवळच उभा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) असतो. म्हणजे क्वार्टरबॅकचे पाय हेच त्याचं घड्याळ. कुठे बघायचं, कधी बघायचं, कधी सोडून द्यायचं, सगळं पायच सांगतात.

तुम्ही ती ड्राइव्ह चौथ्यांदा बघा आणि यावेळी बॉलकडे बघूच नका, फक्त मोंटानाचे पाय बघा. मग बोलू.

आकडेमोड

जुनी_टेप यांनी छान लिहिलंय, पण दोन गोष्टी मांडतो कारण वॉल्शची गोष्ट सांगताना लोक त्या नेहमी वगळतात.

एक म्हणजे १९७८ चे नियम. त्या वर्षी लीगने ठरवलं की डिफेंडरला ५ यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्के मारता येणार नाहीत, आणि ऑफेन्सिव्ह लाइनमनना ब्लॉक करताना हात लांब करून पंजे उघडे ठेवता येतील. त्याआधी रिसीव्हरला मैदानभर ढकलत न्यायचे लोक. आता विचार करा, टायमिंगवर चालणाऱ्या पद्धतीला रिसीव्हर वेळेवर जागेवर पोचणं हेच सर्वस्व, आणि नेमकं तेच नियमाने सोपं करून दिलं. वॉल्श फोर्टीनाइनर्सकडे आला १९७९ ला, म्हणजे बरोबर पुढच्या वर्षी. नशिबाचा वाटा नाही असं कसं म्हणायचं?

दुसरं म्हणजे टायमिंग ही वॉल्शची एकट्याची कल्पना नाही. सिड गिलमन चार्जर्सकडे साठच्या दशकात हेच करत होते, मैदान म्हणजे भूमिती समजून पावलं आणि रूट जुळवणं. वॉल्श १९६६ ला ओकलंड रेडर्सकडे एक वर्ष होता, तिथे तीच गिलमनची विद्या अल डेव्हिसमार्फत आलेली. डॉन कोरियलने चार्जर्सकडे तीच घेऊन खोल पास वाढवले, वॉल्शने आडवे वाढवले. एकाच विहिरीचं पाणी आहे दोघांचं.

आणि "वेस्ट कोस्ट" हे नाव तर मुळात वॉल्शचं नाहीच. १९९३ च्या सुमारास बर्नी कोसारने डॅलसच्या ऑफेन्सबद्दल बोलताना ते वापरलं होतं, म्हणजे कोरियल-गिलमन बाजूच्या खेळाबद्दल, आणि ते फिरत फिरत वॉल्शला चिकटलं. सिनसिनाटी आहे ओहायोत, तिथून वेस्ट कोस्ट किती लांब ते नकाशात बघा.

जुनी_टेप

गिलमनचं शंभर टक्के मान्य, मी ते लिहायला हवं होतं. नावाचं पण मान्य.

पण नियमांचं पूर्ण पटत नाही. नियम सगळ्या २८ टीम्ससाठी बदलले होते ना? आणि क्रम बघा. कार्टरचे ६२.२ टक्के १९७१ चे, नियमांच्या ७ वर्षं आधीचे. त्यानंतर वॉल्शने ऑगस्टाना नावाच्या छोट्या कॉलेजमधून आलेल्या केन अँडरसनला घडवलं आणि तो १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षं पासर रेटिंगमध्ये (पास टाकणाऱ्याच्या कामगिरीचा आकडा) लीगमध्ये पहिला होता, तेही धक्काबुक्कीच्या काळात.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे १९७९, ज्या वर्षी वॉल्श हरला. फोर्टीनाइनर्स १९७८ ला २-१४, वॉल्श आल्यावर १९७९ ला पण २-१४. कागदावर काहीच बदललं नाही. पण आत बघा, स्टीव्ह डीबर्ग नावाचा क्वार्टरबॅक, ज्याला कोणी ग्रेट म्हणणार नाही, त्याने त्या वर्षी ५७८ पास टाकून ३४७ पूर्ण केले, दोन्ही तेव्हाचे लीग रेकॉर्ड. शेवटच्या नंबरच्या टीमचा क्वार्टरबॅक रेकॉर्ड करतोय! खेळाडू अजून आले नव्हते पण पद्धत चालू झाली होती. पुढच्या वर्षी ६-१०, त्याच्या पुढच्या वर्षी १३-३ आणि सुपर बोल.

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, मोंटाना आणि राइस. राइस आला १९८५ ला, तोपर्यंत वॉल्शच्या दोन सुपर बोल जिंकून झाल्या होत्या. मोंटाना ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडायच्या) तिसऱ्या राउंडमध्ये ८२ व्या नंबरवर घेतलेला, कारण बाकीच्यांना त्याच्या हातात जोर दिसला नाही. वॉल्शने त्याचे पाय बघितले. रिसीव्हर ड्वाइट क्लार्क तर दहाव्या राउंडचा. आणि १९८१ च्या चॅम्पियन टीमचा सगळ्यात जास्त धावलेला रनिंग बॅक कोण, तर रिकी पॅटन, पूर्ण सीझनमध्ये ५४३ यार्ड. एवढ्या यार्डांवर चॅम्पियन होता येतं असं त्या काळी कोणी मानलं नसतं.

सांजवात

मी बऱ्याच दिवसांनी लिहितेय इथे, पण हा विषय बघून राहवलं नाही. सगळे पासबद्दल बोलताय पण माझ्या मते वॉल्शची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आधी लिहून ठेवलेले प्ले, आणि ती कोणाला फारशी दिसत नाही कारण टीव्हीवर ती दिसतच नाही.

सिनसिनाटीत पॉल ब्राउन त्याला मॅचच्या आधी विचारायचे की सुरुवातीचे चार-पाच प्ले काय काढलेस. त्यातून वाढत वाढत ते १५ झाले, कधी २५ सुद्धा. मॅच सुरू व्हायच्या आधीच पहिले १५ प्ले कागदावर, क्रमाने, आणि खेळाडूंना आदल्या रात्रीच माहीत. बाकीच्या कोचना हा वेडेपणा वाटायचा, समोरचा काय करतोय ते न बघता आधीच कसं ठरवणार? पण वॉल्शचं म्हणणं मला फार पटतं, की ६० हजार लोक ओरडत असताना, अंगात घाम आणि डोक्यात कालवाकालव असताना माणूस चांगला निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून जेवढे निर्णय शांत खोलीत आठवड्याच्या मधल्या वारी घेता येतील तेवढे तिथेच घ्यायचे.

आणि ते १५ प्ले म्हणजे आंधळेपणाने ठोकत जायचं असं पण नाही. थर्ड डाउन किंवा गोलजवळची वेळ आली की यादी बाजूला. यादीचं खरं काम म्हणजे समोरच्याला प्रश्न विचारणं. वेगवेगळ्या फॉर्मेशन दाखवायच्या, एकाला इकडून तिकडे चालवायचं आणि डिफेन्स कशाला काय उत्तर देतं ते टिपून ठेवायचं, मग दुसऱ्या हाफमध्ये त्याच उत्तरावर प्ले काढायचा. पहिल्या क्वार्टरमध्ये जो प्ले २ यार्डांचा फालतू वाटतो तो कधी कधी चौथ्या क्वार्टरसाठी केलेली पेरणी असते.

याचं उदाहरण म्हणजे १० जानेवारी १९८२, कँडलस्टिक पार्क, डॅलसविरुद्धची ती मॅच ज्यातल्या झेलाला लोक नुसतं "द कॅच" म्हणतात. सगळ्यांना शेवटचा झेल आठवतो, क्लार्क हवेत ताणलेला, बोटांच्या टोकांवर बॉल. पण तो प्ले, "स्प्रिंट राइट ऑप्शन", त्याच मॅचच्या पहिल्या क्वार्टरमध्ये वापरला होता आणि त्यावर दुसरा रिसीव्हर फ्रेडी सॉलोमनने ८ यार्डांचा टचडाउन केला होता! शेवटी परत तोच प्ले लावला, पहिली पसंती परत सॉलोमनच, यावेळी तो घसरला, आणि मोंटाना उजवीकडे पळत पळत शेवटच्या पर्यायापर्यंत गेला, मागच्या रेषेजवळून येणारा क्लार्क. अंगावर डॅलसचे तिघं येत असताना बॉल उंच टाकला, इतका उंच की मिळाला तर क्लार्कलाच मिळेल नाहीतर बाहेर जाईल. ५१ सेकंद राहिले होते. २८-२७.

आणि त्या आधीची ड्राइव्ह तर अजून सुंदर आहे. स्वतःच्या ११ यार्डांवरून सुरुवात, ४ मिनिटं ५४ सेकंद हातात, ६ पॉइंट्सनी मागे, डॅलसने साहजिकच पास अडवायला जादा बॅक (मागचे डिफेंडर) आणले आणि लाइनबॅकर (मधल्या फळीतले) कमी केले. वॉल्शने काय केलं, तर रनिंग बॅक लेन्व्हिल एलियटला बॉल देऊन पळवलं, परत पळवलं, परत पळवलं. आख्खं जग पासची वाट बघतंय आणि हा पासचा पंडित धावून यार्ड काढतोय कारण कागदावर आकडे तसं सांगतायत. मी ही ड्राइव्ह जेव्हा जेव्हा बघते तेव्हा अंगावर काटा येतो, पासपेक्षा त्या रन बघून जास्त.

डावा_टॅकल

लाइनबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून मीच लिहितो. मी कॉलेजात असताना दोन वर्षं लाइनवर खेळलोय, त्यामुळे मला सगळं तिथूनच दिसतं.

तीन पावलं मागे आणि बॉल सुटला याचा अर्थ लाइनमनला जेमतेम दोन सेकंद तग धरायचाय. सात पावलांच्या ड्रॉपला हाच वेळ साडेतीन-चार सेकंदांवर जातो आणि तिथे जड, ताकदवान, डोंगरासारखी माणसं लागतात. वॉल्शच्या लाइन कोचने, बॉब मॅकिट्रिकने, तुलनेने हलके आणि चपळ लाइनमन घेऊन काम भागवलं, पायाखालून कट ब्लॉक, कोन साधून ब्लॉक. म्हणजे क्वार्टरबॅकच्या पायांनी लाइनचं काम अर्धं केलं. कमजोर लाइनवर उपाय म्हणून सुरू झालेली गोष्ट, बरोबर तिथूनच आली.

पण दर वेळी तीन पावलं नसतात. ३ जानेवारी १९८२ ला प्लेऑफमध्ये जायंट्सशी गाठ होती आणि त्यांच्याकडे लॉरेन्स टेलर, त्याचं पहिलंच वर्ष, बाहेरून असा यायचा की त्याला थांबवायला रनिंग बॅक पाठवणं म्हणजे त्या बॅकचा बळी. वॉल्शने जॉन एअर्सला नेमलं, जो गार्ड होता, आतल्या बाजूचा माणूस. स्नॅप झाला (बॉल खेळात आला) की एअर्सने मागे सरकून टेलरला गाठायचं. कोणी असं करत नव्हतं. ३८-२४ ने जिंकले.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर इथे नुसतीच आरती होईल. ही पद्धत अडवता येते आणि त्याच जायंट्सनी ती अडवून दाखवली. १९८५ च्या सीझनच्या प्लेऑफमध्ये १७-३, १९८६ च्या प्लेऑफमध्ये ४९-३, आणि त्या दुसऱ्या मॅचमध्ये मोंटानाला एवढा जबरदस्त फटका बसला की त्याला परत येता आलं नाही. पार्सेल्स हेड कोच, बेलिचिक डिफेन्स बघायचा. पहिल्या ५ यार्डांत, जिथे नियमाने परवानगी आहे, तिथेच रिसीव्हरला दणका द्यायचा, त्याची लय एका पावलाने जरी चुकली तरी घड्याळ बिघडलं. पाचव्या पावलावर रिसीव्हर जागेवर नाही म्हणजे क्वार्टरबॅक थांबला, आणि थांबला की तो मेलाच, कारण ती हलकी लाइन तिसऱ्या सेकंदासाठी बांधलेलीच नाही. आणि डिक लबोने बेंगल्सकडे असताना झोन ब्लिट्झ वाढवलं ते पण अशाच ऑफेन्सना उत्तर म्हणून, जिथे क्वार्टरबॅकला वाटतं इथे माणूस नसणार तिथे लाइनमन मागे येऊन उभा.

थर्ड_अँड_लाँग

अरे बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोन दिवस हेच वाचत होतो.

जुनी_टेप, तुम्ही सांगितलंत तसं परत बघितलं, फक्त पाय. आणि खरंच वेगळीच मॅच दिसली हो. तो मागे जातो, पाय टेकतो आणि लगेच बॉल जातो, मध्ये श्वास घेण्याइतकी पण फट नाही. जेव्हा पहिला माणूस मिळत नाही तेव्हा तो जागच्या जागी पाय हलवतो, मला आधी ते घाबरून हलवतोय असं वाटलं होतं, आता कळलं की तो दुसऱ्याकडे वळतोय. उलट बेंगल्सकडून पण तसंच दिसलं थोडंसं, ते कसं काय?

आणि एक राहिलंच. मग सगळ्यांनी कॉपी का नाही केली? पावलं मोजणं तर कोणालाही जमेल ना.

जुनी_टेप

बेंगल्सचं तुम्हाला बरोबर दिसलं. त्यांचा कोच सॅम वाइश हा वॉल्शकडे सॅन फ्रान्सिस्कोत असिस्टंट होता, मोंटानाला शिकवणाऱ्यांपैकी एक. म्हणजे गुरूविरुद्ध शिष्य अशी ती मॅच होती, आणि वॉल्शची हेड कोच म्हणून फोर्टीनाइनर्ससोबतची शेवटची. गंमत म्हणजे १९८२ च्या सुपर बोलमध्ये पण समोर बेंगल्सच होते आणि त्यांचा क्वार्टरबॅक केन अँडरसन, वॉल्शनेच घडवलेला. त्याने त्या दिवशी ३४ पैकी २५ पास पूर्ण केले, ३०० यार्ड, आणि तरी २६-२१ ने हरला. पॉल ब्राउन निवृत्त झाले तेव्हा त्यांनी हेड कोचची जागा वॉल्शला न देता बिल जॉन्सनला दिली होती, त्या माणसाला आपल्या जुन्या घरावरच दोन सुपर बोल जिंकायला लागल्या, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

कॉपीचं म्हणाल तर केली, पुष्कळांनी केली, पण वरवरची. पास छोटा आहे एवढंच उचललं. वॉल्श किती बारीक होता बघा, नुसतं रिसीव्हरला बॉल मिळाला हे त्याला चालायचं नाही, बॉल त्याच्या छातीसमोर, पळण्याच्या दिशेला, थोडा पुढे पडला पाहिजे, म्हणजे त्याला वेग कमी करायला लागू नये. एक फूट मागे पडला तर तोच ६ यार्डांचा पास ६ यार्डांवरच संपतो, बरोबर पडला तर राइससारखा माणूस त्याचे ६० करतो. पकडल्यानंतरचे यार्ड हे त्या पद्धतीतलं खरं उत्पन्न आहे, आणि ते इंचाइंचाच्या अचूकतेवर अवलंबून आहे. हे घडवायला रोजचा सराव लागतो, महिनोन्‌महिने एकच स्लँट.

रनिंग बॅकना पण त्याने रिसीव्हरसारखं शिकवलं. रॉजर क्रेग बघा, १९८५ ला १०५० यार्ड धावून आणि १०१६ यार्ड पास पकडून, एकाच सीझनमध्ये दोन्हीकडे हजार करणारा तो पहिला खेळाडू, आणि त्या वर्षी लीगमध्ये सर्वात जास्त, ९२ पास त्यानेच पकडले. रनिंग बॅकने! आता डिफेन्सने करायचं काय, त्याला रन म्हणून बघायचं की पास म्हणून?

आणि पाठांतर. या पद्धतीत प्लेचं नाव म्हणजे आख्खं वाक्य असतं, कोण कुठे उभा, कोण हलणार, लाइनने कसं अडवायचं, कुठला रूट, सगळं त्यात. हडलमध्ये (प्लेआधीच्या घोळक्यात) एकदा ऐकून अकरा जणांनी ते समजायचं. जॉन ग्रुडनमुळे "स्पायडर टू वाय बनाना" तेवढं लोकांना माहीत झालं, पण ते त्यातलं सुटसुटीत नाव आहे.

आकडेमोड

माझ्या नियमांच्या मुद्द्यावर डीबर्गचं उदाहरण बिनतोड आहे, ते मी विचारात घेतलं नव्हतं. तरी एवढं म्हणेन की नियम नसते तर ही पद्धत चालली असती पण एवढी पसरली नसती.

आणि पसरली म्हणजे किती, ते बघायचं असेल तर वंशावळ काढा. वॉल्शकडून माइक होमग्रेन, होमग्रेनकडून ग्रीन बेमध्ये अँडी रीड. दुसरीकडे वॉल्शनंतर जॉर्ज सिफर्ट, सिफर्टकडे माइक शनाहन, त्याचा मुलगा काइल शनाहन, आणि त्या शनाहन घरातून शॉन मॅकव्हे, मॅट लफ्लर, माइक मॅकडॅनियल. फेब्रुवारी २०२० आणि फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये रीडचे चीफ्स आणि काइल शनाहनचे फोर्टीनाइनर्स समोरासमोर होते, ३१-२० आणि ओव्हरटाइममध्ये २५-२२, दोन्ही रीडने घेतल्या. म्हणजे दोन्ही बाजूंनी वॉल्शच. अर्थात खेळ खूप बदललाय, शनाहन लोकांचा पाया बाहेरच्या बाजूची झोन रन आणि तिच्यावरचा प्ले अॅक्शन (रनचं सोंग करून टाकलेला पास) आहे, रीड तर कॉलेजवाल्यांकडून काय काय उचलतो. पण पाय आणि रूट बांधलेले, पहिला-दुसरा-तिसरा असं बघायचं, हे तसंच आहे.

सांजवात

थर्ड_अँड_लाँग, तू मूळ पोस्टमध्ये लिहिलंस ना की टेलरच्या टचडाउनच्या प्लेमध्ये जगावेगळं काही दिसलं नाही, तर तो एकच प्ले अजून एकदा बघ. त्याचं नाव "२० हाफबॅक कर्ल एक्स अप". नावातच उत्तर आहे, पहिली पसंती हाफबॅक, म्हणजे क्रेग, टेलर नाही. राइसचे त्या दिवशी ११ पास आणि २१५ यार्ड झालेले, त्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचे डोळे. क्रेगने पण त्या दिवशी १०१ यार्ड पकडलेले, म्हणजे त्याला सोडून चालणारच नाही. १० यार्ड राहिलेत, आणि आख्ख्या मॅचमध्ये टेलरने तोपर्यंत एकही पास पकडलेला नाही. आता सांग, तू डिफेन्सला असतास तर कोणाला धरलं असतंस?

थर्ड_अँड_लाँग

क्रेग आणि राइस. टेलर माझ्या डोक्यात पण आला नसता.

बघतो आत्ताच, यावेळी क्रेगकडे नजर ठेवून.